उरलेल्या औषधांचे करायचे काय?

दसऱ्याच्या सुमारास घरोघरी आवराआवर सुरू होते. माळा झाडला जातो, डबे घासले जातात, जुनी वर्तमानपत्रे रद्दीत जातात. एक जागा मात्र बहुतेक घरांत सुटते. ती म्हणजे औषधांचा डबा. कुणाकडे तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो, कुणाकडे टीव्हीखालचा ड्रॉवर, तर कुणाकडे फ्रिजच्या दारातील वरचा कप्पा. त्यात दोन-तीन गोळ्या शिल्लक असलेली पाकिटे असतात, झाकणाशी साखर धरलेली खोकल्याची बाटली असते, मागे डोळे आले तेव्हा आणलेले थेंब असतात आणि कशासाठी आणले हे आता कुणालाच न आठवणारे एखादे मलम असते. ‘पैसे मोजून आणलेले आहे, असू दे, कधीतरी लागेल,’ असे म्हणून डब्याचे झाकण पुन्हा लावले जाते.

ज्यांना हा पसारा नको असतो, ते सारे उचलून कचऱ्यात टाकतात किंवा मोरीत ओतून मोकळे होतात. साठवणे आणि असे फेकणे, दोन्ही चूक. त्यात धोका काय आहे आणि त्याऐवजी काय करावे, हे आजच्या लेखात पाहू.

औषध उरतेच कसे?

औषध उरण्याची मुख्य कारणे चार आहेत.

पहिले कारण म्हणजे बरे वाटताच औषध बंद करणे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिलेल्या असतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. प्रतिजैविकांच्या, म्हणजे आपण ज्यांना अँटिबायोटिक म्हणतो त्या औषधांच्या बाबतीत हे फार घडते. पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या वेळी केलेल्या भाषणातच इशारा दिला होता की, हे औषध अपुऱ्या मात्रेत घेतले तर जंतू मरत नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे जंतू तयार होतात. तेव्हा प्रतिजैविक किती दिवस घ्यायचे हे डॉक्टरांनी ठरवावे. त्यांनी मध्येच थांबवायला सांगितले तर जरूर थांबवावे, पण स्वतःच्या मनाने थांबवू नये.

दुसरे कारण म्हणजे औषध बदलणे. रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड या आजारांत गोळी किंवा तिची मात्रा वेळोवेळी बदलावी लागते. नवी गोळी सुरू होते, जुनी डब्यातच राहते.

तिसरे कारण पाकिटाचे. गरज सहा गोळ्यांची असते, पाकीट दहाचे किंवा पंधराचे असते. दुकानात गर्दी असते, आपणही ‘द्या पूर्ण पाकीट’ म्हणतो.

चौथे कारण दुःखाचे आहे. घरातील आजारी माणूस जाते आणि मागे पिशवीभर औषधे राहतात. तेराव्यानंतर कपडे, भांडी, काठी, चष्मा यांची वाट लागते. औषधांच्या पिशवीला हात लावायचे मात्र कुणाच्या मनात येत नाही. ही पिशवी सर्वांत धोक्याची असते, कारण मोठ्या आजारात दिलेली जहाल औषधे तिच्यात असतात.

म्हणून उरलेल्या औषधाचा विचार खरेदीच्या वेळीच करावा. चिठ्ठीत लिहिल्या तेवढ्याच गोळ्या मागाव्यात. दीर्घ आजारात नवीन गोळी सुरू झाली तर ती मानवते की नाही हे कळेपर्यंत महिन्याची एकदम घेऊ नये. डॉक्टरांकडे जाताना घरात काय शिल्लक आहे ते सोबत न्यावे. त्यातील वापरण्याजोगे असेल तेवढे नव्याने आणायला नको. पाकिटातील गोळ्या फोडताना, ज्या टोकाला नाव व मुदत छापलेली असते ते टोक शेवटपर्यंत राखावे. नाव कापले गेलेली गोळी ही अनोळखी गोळी समजावी.

डब्यात ठेवली तर काय बिघडते?

औषधावर मुदतीचा महिना व वर्ष छापलेले असते. त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत औषध चांगले, असा त्याचा अर्थ. पण ही हमी बंद पाकिटासाठी आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या औषधासाठी असते. बाटली उघडली की हिशेब बदलतो. लहान मुलांचे पाणी घालून तयार करायचे प्रतिजैविक पातळ केल्यावर साधारणपणे आठवडाभरच टिकते, तेही फ्रिजमध्ये. डोळ्यांचे थेंब बाटली उघडल्यापासून महिनाभराने टाकून द्यावेत, कारण त्यांत जंतू वाढू शकतात. वापरात असलेली इन्शुलिनची बाटली साधारण चार आठवड्यांनंतर वापरू नये. बाटलीवर २०२८ साल छापलेले असले तरी या मुदती बदलत नाहीत.

सगळीच मुदतबाह्य औषधे विषारी होतात असे नाही. पुष्कळांचा नुसता गुण कमी होतो. पण छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी किंवा इन्शुलिन यांचा गुण कमी होणे हेच जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका नावांच्या गोंधळाचा. एकच औषध आपल्याकडे अनेक नावांनी मिळते. पंचवटीतील एक आजोबा चक्कर येते म्हणून माझ्याकडे आले. रक्तदाब फारच खाली गेला होता. पिशवी उलटी केली तेव्हा दोन वेगळ्या रंगांची पाकिटे निघाली. एक नवे, एक जुने. आत औषध तेच! आजोबा दोन्ही इमानेइतबारे घेत होते. जुने पाकीट वेळीच घराबाहेर गेले असते तर हा प्रसंग आला नसता.

तिसरा धोका लहान मुलांचा, आणि तो सर्वांत मोठा. गोळ्या रंगीत असतात, पातळ औषधे गोड असतात आणि आजी रोज गोळी खाते हे नातू पाहत असतो. मधुमेहावरच्या काही गोळ्या अशा आहेत की, त्यांतील एकच गोळी लहान मुलाची रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणू शकते. गरोदरपणात दिलेल्या लोहाच्या गोळ्या आईला पोषक, पण मुलाने मूठभर खाल्ल्या तर घातक. पॅरासिटामॉल घरोघरी असते. तेही जास्त मात्रेत गेले तर यकृत निकामी होते, आणि पहिल्या दिवशी मूल वरवर ठीक दिसू शकते.

असा प्रसंग आलाच तर मुलाला मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून ओकारी काढू नये. रिकामे पाकीट किंवा बाटली सोबत घ्यावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवून किंवा मिळेल त्या वाहनाने लगेच रुग्णालय गाठावे. ‘अजून तरी काही झालेले नाही’ म्हणून वाट पाहू नये.

फेकली तर कुठे जातात?

गोळ्यांचे भरलेले पाकीट घंटागाडीत टाकले की आपल्या डोळ्यांआड होते, पण तिथेच संपत नाही. पुढे कचरा वेगळा करणारे हात असतात. सफाई कामगार, कचरा वेचणाऱ्या बाया, कधी त्यांच्यासोबतची मुले. न फोडलेले पाकीट दिसले तर ते उचलले जाते. कुणी ते गरज म्हणून खाते, कुणी विकते. मुदत खोडून, नवी छापून औषधे पुन्हा बाजारात आणण्याचे गैरप्रकार आपल्या देशात उघडकीस आलेले आहेत. आपण अख्खे पाकीट फेकून त्या धंद्याला माल पुरवू नये. गोळ्या ओल्या कचऱ्यात गेल्या तर त्या खतात मिसळतात आणि खत शेवटी शेतातच जाते.

मोरीत किंवा संडासात ओतले तर? नाशिककरांनी या प्रश्नाचा विशेष विचार करायला हवा. गंगापूर धरणाचे पाणी आपण पितो. आपले सांडपाणी तपोवन, आगरटाकळी अशा मलनिस्सारण केंद्रांकडे जाते आणि प्रक्रियेनंतर गोदावरीच्या प्रवाहाला मिळते. ही केंद्रे मैला, गाळ आणि कुजणारे पदार्थ काढण्यासाठी बांधलेली असतात. पाण्यात विरघळलेले औषध काढण्यासाठी त्यांची रचनाच नसते. फिट येणाऱ्या रुग्णांना देतात ते कार्बामॅझेपीन अशा केंद्रातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते, हे अनेक देशांत तपासून पाहिले गेले आहे. पुढे हेच पाणी निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला पोहोचते. या पाणथळ जागेला २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. त्याच्याही पुढे पैठणचे जायकवाडी धरण आहे आणि त्यावर छत्रपती संभाजीनगर पाणी पिते. आपल्या मोरीपासून त्यांच्या नळापर्यंत नदी एकच आहे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर, नदीत सापडणारी सगळी औषधे घरच्या मोरीतून येत नाहीत. घेतलेल्या औषधाचा काही भाग लघवीवाटे बाहेर पडतोच, तो टाळता येत नाही. कारखान्यांचे सांडपाणी हे वेगळेच प्रकरण आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे औषध कारखान्यांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. प्रक्रिया होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाचे प्रमाण दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते! तिथले ओढे मांजरा नदीला मिळतात आणि आपल्या बालाघाटात उगम पावलेली ही मांजरा पुढे गोदावरीलाच मिळते.

अशा पाण्यात जंतू मरत नाहीत, सराईत होतात. जंतूंनी औषधाला दाद न दिल्यामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०२२ साली प्रसिद्ध केला. कारखान्यांना आवर घालणे सरकारचे काम आहे. डब्यातील औषध मोरीत न ओतणे मात्र आपल्या हातात आहे.

गिधाडांनी शिकवलेला धडा

औषध एका शरीरात काम करून संपते, हा समज किती खोटा आहे हे आपल्या जिल्ह्याने जवळून पाहिले आहे. डायक्लोफेनॅक हे अंगदुखी-सांधेदुखीवरचे नेहमीचे औषध. ते गुरांनाही दिले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर दगावले की गिधाडे ते खात आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ साली सिद्ध झाले. पण तोपर्यंत पांढऱ्या पाठीची गिधाडे देशातून ९९ टक्क्यांहून अधिक घटली होती. भारताने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. पुढे २०२३ साली किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली.

अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आहेत. हरसूल भागात खोरीपाडा येथे वनविभाग आणि ग्रामस्थांनी गिधाडांना सुरक्षित मृत जनावरे मिळावीत म्हणून उपाहारगृहच सुरू केले. एका वेदनाशामक औषधाने केलेले नुकसान भरून काढायला इतका खटाटोप करावा लागतो. म्हणून खेड्यातील वाचकांना आग्रहाने सांगावेसे वाटते की, माणसासाठी आणलेले, उरलेले इंजेक्शन किंवा गोळी गाई-म्हशीला देऊ नका. जनावराचे औषध जनावरांच्या डॉक्टरांनीच ठरवावे.

मग टाकायची कशी?

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे ही औषधे जाळण्याच्या योग्य भट्टीपर्यंत पोहोचवणे. रुग्णालयातील मुदतबाह्य औषधे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जातात आणि खास भट्टीत नष्ट केली जातात. या भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान ठेवावे लागते. अंगणात पालापाचोळ्याबरोबर औषधे जाळली तर ही उष्णता येत नाही. नुसता विषारी धूर होतो. म्हणून घरी औषधे जाळू नयेत.

आपल्या घरातील औषधे त्या भट्टीपर्यंत जावीत यासाठी आधी नेहमीच्या औषध दुकानदाराला आणि डॉक्टरांना विचारावे. न फोडलेले, मुदत शिल्लक असलेले पाकीट पावती दाखवल्यास काही दुकानदार थोड्या दिवसांत परत घेतात. काही रुग्णालये आपल्या पिवळ्या पिशवीत घरची मुदतबाह्य औषधेही घेतात. क्षयरोगाच्या सरकारी गोळ्या उरल्या असतील, तर त्या जिथून मिळाल्या त्या आरोग्य केंद्रात परत कराव्यात आणि त्या का उरल्या हेही सांगावे.

कायदाही याच दिशेने गेला आहे. मुदत संपलेली औषधे हा घरगुती धोकादायक कचरा आहे, असे २०१६ च्या घनकचरा नियमांनी ठरवले. १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार भाग आहेत. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. औषधे या चौथ्या भागात येतात. तेव्हा घंटागाडीवर अशा कचऱ्याची वेगळी पेटी असेल तर औषधे तिच्यातच द्यावीत. अशी सोय कुठे आहे, हे महापालिकेच्या विभागीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत विचारावे.

यातले काहीच जमण्यासारखे नसेल, तर घरच्या घरी पुढीलप्रमाणे करावे.

१. गोळ्या व कॅप्सूल पाकिटातून काढाव्यात. कुटू नयेत, चुरडू नयेत. त्यांची भुकटी श्वासातून जाऊ शकते.

२. एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत ओली माती, राख किंवा वापरलेल्या चहाचा चोथा घ्यावा. गोळ्या त्यात कालवाव्यात. उरलेले पातळ औषधही त्यातच ओतून जिरवावे. मुलांना किंवा जनावरांना ते खावेसे वाटू नये आणि कुणाला वेचून काढता येऊ नये, हा यामागचा हेतू.

३. पिशवीचे तोंड घट्ट बांधून ती दुसऱ्या पिशवीत घालावी. वर ‘मुदत संपलेली औषधे’ असे लिहावे आणि घंटागाडीवरील माणसाच्या हाती वेगळी द्यावी. ओल्या कचऱ्यात टाकू नये.

४. रिकामी पाकिटे कात्रीने कापून आणि बाटल्यांवरील कागद फाडून सुक्या कचऱ्यात द्यावीत. म्हणजे त्यांत नकली माल भरता येणार नाही. औषधाची चिठ्ठी फेकतानाही नाव-पत्ता फाडावा.

विहीर, ओढा, नाला किंवा शेततळे यांत औषध कधीही टाकू नये.

सतरा औषधांचा अपवाद

वर सांगितले की संडासात ओतू नये. याला एक अपवाद आहे आणि तो समजून घ्यावा. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने २०२५ साली उरलेल्या व मुदतबाह्य औषधांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत सतरा औषधांची यादी आहे. घरात ही औषधे नको असतील तर ती संडासात टाकून पाणी सोडावे, असे त्यांत सांगितले आहे. मॉर्फिन, फेंटॅनिल, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम ही त्यांतील आपल्याकडे दिसणारी नावे. कॅन्सरच्या किंवा तीव्र वेदनेच्या रुग्णाला ती दिली जातात. डायझेपाम झोप व मानसिक ताण यांसाठी, तसेच झटक्यांसाठी देतात.

हा अपवाद का केला? यांतील काही औषधे अशी आहेत की, ज्याला दिली नाहीत त्याने एकदाच घेतली तरी श्वास थांबू शकतो. काहींची सवय लागते. ती एक दिवस घरात राहण्याचा धोका नदीला होणाऱ्या धोक्यापेक्षा मोठा ठरतो. वेदनेसाठी छातीवर किंवा दंडावर लावायची फेंटॅनिलची पट्टी वापरून झाल्यावरही तिच्यात औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत येईल अशी दुमडून लगेच टाकावी. ही मुभा त्या यादीपुरतीच आहे. बाकीच्या औषधांसाठी ती लागू करू नये.

सुया, इनहेलर आणि कॅन्सरची औषधे

घरी इन्शुलिन घेणाऱ्यांनी सुया व सिरिंज कधीही सुट्या टाकू नयेत. कचऱ्यातील सुई सफाई कामगाराच्या हाताला टोचली तर कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. फिनाइलची किंवा संडास धुण्याच्या द्रावणाची जाड रिकामी बाटली घ्यावी, तिच्यावर ‘सुया’ असे ठळक लिहावे, वापरलेली सुई थेट तिच्यात टाकावी. बाटली पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात द्यावी.

दम्याच्या पंपाचा डबा दाबाखाली भरलेला असतो. रिकामा वाटला तरी त्याला भोक पाडू नये, विस्तवात टाकू नये. तो फुटतो.

कॅन्सरच्या गोळ्या उरल्या तर त्या वरील मातीच्या पिशवीतही टाकू नयेत. जिथे उपचार झाले त्या रुग्णालयात परत कराव्यात. त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. घरात गरोदर स्त्री असेल तर तिने त्या हाताळूच नयेत.

दुसऱ्याला दिली तर?

‘टाकण्यापेक्षा कुणा गरिबाच्या उपयोगी पडली तर पुण्यच लागेल,’ असे पुष्कळ वाचक म्हणतील. भावना चांगली आहे. पण औषध हे जुन्या स्वेटरसारखे देता येत नाही. शेजारच्या वहिनींना खोकला आपल्यासारखाच वाटला तरी त्यांचा आजार वेगळा असू शकतो, त्यांना एखाद्या औषधाचे वावडे असू शकते, त्या गरोदर असू शकतात. साध्या सर्दीवर उरलेले प्रतिजैविक दिले तर सर्दीच्या विषाणूवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

द्यायचेच असेल, तर डॉक्टर स्वतः तपासून औषध देतात अशा धर्मादाय दवाखान्यातच द्यावे. तेही पाकीट न फोडलेले, मुदत किमान काही महिने शिल्लक असलेले आणि थंड, कोरड्या जागी ठेवलेले असेल तरच. उघडलेली बाटली, सुट्या गोळ्या, इन्शुलिन आणि झोपेची औषधे कुणालाही देऊ नयेत.

गावाने काय करावे?

एकेका घराने कितीही काळजी घेतली तरी शेवटी औषध गोळा करण्याची सोय सर्वांना जवळ हवी. हे अशक्य नाही. फ्रान्समध्ये १९९३ पासून औषध दुकानांमार्फत घरची उरलेली औषधे परत घेतली जातात. आपल्याच देशात केरळच्या औषध नियंत्रण विभागाने २०२५ साली कोझिकोड येथे घरोघरची नको असलेली औषधे गोळा करून शास्त्रीय पद्धतीने नष्ट करण्याची योजना सुरू केली. केंद्राच्या २०२५ च्या सूचनांतही राज्यांचे औषध विभाग आणि औषध विक्रेत्यांच्या संघटना यांनी मिळून अशी व्यवस्था उभारावी, असे म्हटले आहे.

नाशिकमध्ये औषध विक्रेते आहेत, डॉक्टरांच्या संघटना आहेत, दारात येणारी घंटागाडी आहे. २०२७ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने गोदावरीच्या स्वच्छतेवर पुष्कळ बोलले गेले आहे. त्या यादीत औषध दुकानासमोरच्या एका कुलूपबंद पेटीलाही जागा मिळावी. गृहनिर्माण संस्था, महिला मंडळे, ज्येष्ठ नागरिक संघ यांनी आपल्या नगरसेवकाकडे, सरपंचाकडे तशी लेखी मागणी करावी. वर्षातून दोनदा, दसऱ्यापूर्वी आणि गुढीपाडव्यापूर्वी, एखाद्या सभागृहात जुनी औषधे गोळा करून ती रुग्णालयामार्फत पुढे पाठवली तरी मोठे काम होईल.

थोडक्यात

• चिठ्ठीत लिहिले तेवढेच औषध घ्या आणि सांगितले तितके दिवस घ्या.

• दर सहा महिन्यांनी औषधांचा डबा रिकामा करून पाहा. नाव नसलेले, मुदत संपलेले, बदललेले औषध बाजूला काढा.

• डबा मुलांच्या हाताला न लागेल असा, उंच आणि कुलपात ठेवा. स्वयंपाकघरात, शेगडीजवळ किंवा न्हाणीघरात ठेवू नका.

• नको असलेले औषध शक्यतो औषध दुकान किंवा रुग्णालयामार्फत द्या. ते न जमल्यास माती-राखेत कालवून, वेगळे बांधून द्या.

• सतरा औषधांचा अपवाद सोडला तर मोरी, संडास, विहीर, नदी, शेकोटी यांत औषध टाकू नका.

• घरातील माणूस गेल्यावर त्याच्या औषधांची पिशवी पहिल्या काही दिवसांतच, घरातील एका जबाबदार व्यक्तीने हाताळावी.

औषधांचा डबा रिकामा केल्यावर त्यात ठेवण्यासारखे नेमके काय असावे, असा प्रश्न साहजिकच येईल. घरगुती प्रथमोपचाराची पेटी कशी असावी, हे पुढील आठवड्यात पाहू.